ऑक्सन, कँटॅब आणि एल्एल्. बी. : पदवीमागच्या लॅटिन अक्षरांचा उलगडा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना दवाखाना आहे. दारावर दोन पाट्या. एक वडिलांची, पत्र्याची, कडांना गंज चढलेली : 'एम.बी.बी.एस. (बॉम.)'. शेजारी लेकीची, नवी कोरी : 'बी.ए.एम.एस. (नाशिक)'. मुंबई विद्यापीठाचं इंग्रजी नाव १९९६ मध्ये बदललं, पण वडिलांच्या पाटीवर 'बॉम.' तसंच राहिलं, कारण पदवी घेतली तेव्हा विद्यापीठ त्याच नावाचं होतं. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघालं १९९८ मध्ये. म्हणजे कंसातल्या दोन शब्दांवरून डॉक्टर कुठे शिकले हे तर कळतंच, साधारण कधी शिकले त्याचाही अंदाज येतो.

पदवीपुढे कंसात गावाचं नाव लिहायची ही रीत आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. इंग्रजांच्या विद्यापीठांत ती लॅटिनमध्ये चालायची, आजही चालते. जुन्या मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर, जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर 'एम.ए. (कँटॅब)' किंवा 'बी.ए. (ऑक्सन)' असं दिसतं ते तिथूनच. बऱ्याच जणांना हे एखाद्या खास परीक्षेचं नाव वाटतं. तसं काही नाही. ते गावाचं नाव आहे.

आधी ही अक्षरं लॅटिनच का, ते बघू. मध्ययुगात पॅरिस, बोलोन्या, ऑक्सफर्ड इथे विद्यापीठं उभी राहिली तेव्हा तिथे देशोदेशीचे विद्यार्थी येत. घरी प्रत्येकाची बोली वेगळी. वर्गात मात्र सगळ्यांची भाषा एकच, लॅटिन. काशीला केरळचा आणि काश्मीरचा पंडित समोरासमोर बसले की संस्कृतात बोलत, तसंच हे. व्याख्यान लॅटिन, वादविवाद लॅटिन, पदवीदानाचा विधी लॅटिन आणि हातात पडणारं प्रमाणपत्रही लॅटिन. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीदान समारंभात आजही लॅटिन वाक्यं म्हटली जातात. रोज लिहावे लागणारे लांबलचक शब्द लोक तोडून लिहितात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 'ती. बाबांना सा. न. वि. वि.' एवढ्या अक्षरांत अख्खं वाक्य बसवणारी आपली पत्रं होती. ज्याला ती रीत ठाऊक त्याला ती अक्षरं वाचता येतात. ज्याला ठाऊक नाही त्याला ते कोडं वाटतं. 'ऑक्सन'चंही तेच.

लॅटिनमधला 'कर'

ऑक्सफर्ड या नावाचा मूळ अर्थ अगदी गावरान आहे. बैल नदी ओलांडतात तो उतार, म्हणून ऑक्सफर्ड. लॅटिन लिहिणाऱ्यांनी त्यातला पुढचा भाग उचलला आणि गावाचं 'ऑक्सोनिया' केलं. मग 'ऑक्सफर्डचा' म्हणायला त्याला लॅटिनचा 'एन्सिस' हा प्रत्यय लावला : 'ऑक्सोनिएन्सिस'. त्याचं तोडलेलं रूप म्हणजे 'ऑक्सन'.

हा 'एन्सिस' मराठी माणसाला समजावून सांगायला फार सोपा आहे. तो आपला 'कर' आहे. पुणेकर, नाशिककर, सातारकर. तसा ऑक्सोनिएन्सिस म्हणजे ऑक्सफर्डकर. आणखी एक साम्य मला फार आवडतं. पुणेकर बाईही असते आणि पुणेकर बुवाही असतो, शब्द बदलत नाही. 'एन्सिस'सुद्धा पुरुष आणि स्त्री दोघांना तसाच लागतो.

केंब्रिजची गोष्ट थोडी वळणाची आहे. ग्रांटा नदीवरचा पूल म्हणून गावाचं जुनं नाव 'ग्रांटब्रिज'च्या जवळपासचं होतं. लोकांच्या तोंडी ते झिजत झिजत 'कँटब्रिग' झालं. त्या टप्प्यावरचा उच्चार लॅटिनने पकडून ठेवला : 'कँटाब्रिजिया', आणि तिथला तो 'कँटाब्रिजिएन्सिस'. लोकांची जीभ मात्र थांबली नाही, ती केंब्रिजपर्यंत पोचली. पुढे तर गावाच्या नावावरूनच नदीच्या खालच्या भागाला 'कॅम' म्हणू लागले. म्हणजे 'कँटॅब' या तुकड्यात गावाचा काही शतकांपूर्वीचा उच्चार जपला गेला आहे.

बाकीची विद्यापीठं भराभर सांगतो. डरहॅमचं 'डनेल्म', लंडनचं 'लाँड', एडिंबरोचं 'एडिन', ग्लासगोचं 'ग्लास', डब्लिनचं 'डब्ल'. यॉर्कचं 'एबॉर', कारण रोमन लोक त्या शहराला 'एबोराकुम' म्हणत. मँचेस्टरचं 'मँक' हेही जुन्या लॅटिन नावावरून. यातली काही रूपं विद्यापीठांच्या फार आधीपासून चर्चच्या वापरात आहेत. इंग्लंडमधला बिशप सही करताना आडनाव लिहीत नाही, आपल्या गादीच्या गावाचं नाव लिहितो, काही जुन्या गाद्यांवर ते लॅटिनमध्ये. जस्टिन वेल्बी कँटरबरीचे आर्चबिशप होते तेव्हा त्यांची सही 'जस्टिन कँट्युअर' अशी असे. इथे एक घोटाळा टाळायला हवा : 'कँटॅब' केंब्रिजचं आणि 'कँट्युअर' कँटरबरीचं. कानाला जवळचे असले तरी गावं दोन आहेत.

गाव सांगायची गरज काय होती?

इंग्लंडमध्ये कित्येक शतकं दोनच विद्यापीठं होती, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. डरहॅम निघालं १८३२ मध्ये, लंडन विद्यापीठ १८३६ मध्ये. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही आपली विद्यापीठं १८५७ मध्ये निघाली ती लंडनच्याच नमुन्यावर. सगळीकडे बी.ए. आणि एम.ए. हीच नावं. पण एकाच नावाच्या पदवीचा अर्थ सगळीकडे एकच नव्हता, आणि आजही नाही. कंसातला शब्द म्हणूनच कामाचा.

याचं सर्वात चांगलं उदाहरण आपल्या घरातलं आहे. जयंत नारळीकरांच्या केंब्रिजच्या पदव्या सालवार मांडून पाहा. पीएच.डी. १९६३ ची आणि एम.ए. १९६४ ची. आधी डॉक्टरेट, मग एम.ए.? वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटावी. ती चूक नाही. केंब्रिजची एम.ए. ही शिकून, परीक्षा देऊन मिळवायची पदवीच नाही. तिथे बी.ए. झालेल्या विद्यार्थ्याने पहिलं सत्र संपल्यापासून सहा वर्षं गेली की एम.ए. मागायची, ती मिळते. नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले. हिशेब घातला तर सहा वर्षं १९६३ च्या अखेरीस भरतात. दरम्यान त्यांचं संशोधन पुरं होऊन डॉक्टरेट हातात आलेली होती. ऑक्सफर्डचाही नियम असाच, फक्त तिथे नाव नोंदवल्यापासून एकविसावं सत्र यावं लागतं. वर्षाला तीन सत्रं धरली तर सात वर्षं.

यामागे जुनी समजूत आहे. मध्ययुगात बी.ए. म्हणजे अर्धी वाट चाललेला उमेदवार, आणि एम.ए. म्हणजे विद्यापीठाच्या कारभारात मत देणारा पूर्ण सभासद. ठरावीक काळ गेला की उमेदवार सभासद व्हायचा. आणि स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत जावं तर वेगळंच : तिथे कला शाखेची पहिली पदवीच एम.ए. आहे, शाळेनंतर चार वर्षांची. तेव्हा 'एम.ए. (मुंबई)', 'एम.ए. (कँटॅब)' आणि 'एम.ए. (एडिन)' या तीन पदव्या तीन तऱ्हेच्या आहेत. पहिलीत पदवीनंतरचा अभ्यास आहे, दुसरीत काळ आहे, तिसरीत मूळची पदवीच आहे. परदेशी शिकलेल्या माणसाची कागदपत्रं वाचताना हा फरक माहीत नसला तर एखाद्याला फुकट मोठेपणा दिला जातो किंवा एखाद्याचा हक्क मारला जातो. म्हणून हे नीट कळणं मला महत्त्वाचं वाटतं.

मास्तर आणि मिस्त्री एकाच घरचे

आता कंसाच्या आधीची अक्षरं. 'बी' म्हणजे बॅकलॉरियस. मूळ शब्द 'बॅकलारियस'. त्याचा अर्थ खालच्या पायरीवरचा, अजून उमेदवारी करणारा. पुढे कुणीतरी त्याचं नातं लॉरेलच्या फळाशी जोडलं आणि स्पेलिंगही तसं वळवलं. विजेत्याच्या डोक्यावर लॉरेलची पानं घालत, त्यामुळे ती व्युत्पत्ती सगळ्यांना गोड वाटली. खरी ती नव्हे.

'एम' म्हणजे मॅजिस्टर, शिकवणारा किंवा हाताखाली माणसं असलेला. याच शब्दाचं इंग्रजीत 'मास्टर' झालं आणि आपल्याकडे शाळेतले 'मास्तर' झाले. पोर्तुगीजांकडे त्याच मॅजिस्टरचं 'मेस्त्र' झालं. ते गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यावर उतरलं आणि आपल्याकडे 'मेस्त्री', 'मिस्त्री' होऊन राहिलं. रंधा मारणारा मिस्त्री, खडू धरणारे मास्तर आणि एम.ए. झालेली मुलगी, तिघांच्या नावामागे एकच शब्द आहे. आपापल्या कामात तयार झालेला, दुसऱ्याला शिकवू शकणारा माणूस.

'डी' म्हणजे डॉक्टर, आणि त्याचा अर्थही 'शिकवणारा'च. लॅटिनमध्ये 'डोकेरे' म्हणजे शिकवणं. सुईचा आणि औषधाचा संबंध नंतरचा. पीएच.डी. झालेल्या प्राध्यापिकेला 'तुम्ही कसल्या डॉक्टर?' असं विचारणारे नातेवाईक अजून भेटतात. शब्दाच्या मुळाकडे पाहिलं तर पहिला मान तिचाच आहे. पीएच.डी.तल्या 'फिलॉसॉफिए'वरूनही असाच गैरसमज होतो. तिथे फक्त तत्त्वज्ञान अभिप्रेत नाही. जर्मन विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक सोडून उरलेल्या सगळ्या विद्या 'फिलॉसॉफी' या एका शाखेत मोडत. रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळते ती त्यामुळे.

मग कुठे 'पीएच.डी.' आणि कुठे 'डी.फिल.', हे काय? ऑक्सफर्डने १९१७ मध्ये ही पदवी आणली तेव्हापासून ते डी.फिल. म्हणतात, दर्जा तोच. हार्वर्डमध्ये तर बी.ए.ला 'ए.बी.' म्हणतात आणि केंब्रिजमध्ये डी.एस्सी.ला 'एस्सी.डी.'. नारळीकरांना १९७६ मध्ये मिळाली ती हीच एस्सी.डी. ही उलटापालट कळायला मराठी माणसाला वेळ लागू नये, कारण लॅटिन आपल्यासारखीच विभक्तीची भाषा आहे. 'कलांचा पदवीधर' म्हणा की 'पदवीधर कलांचा', 'चा' या प्रत्ययाने नातं बांधलेलं आहे, शब्द पुढेमागे झाले तरी अर्थ हलत नाही. लॅटिनमध्ये तसंच. इंग्रजीत तो प्रत्यय नाही, म्हणून इंग्रजी वाचणारा गोंधळतो.

एम.बी.बी.एस. हे तर या उलटापालटीचं चालतंबोलतं उदाहरण आहे. ती एक पदवी नाही, दोन आहेत. पहिली एम.बी., म्हणजे 'मेडिसिनेए बॅकलॉरियस', वैद्यकाचा पदवीधर. इथे विषय आधी. दुसरी बी.एस., शस्त्रक्रियेचा पदवीधर. इथे पदवी आधी आणि 'एस' इंग्रजी 'सर्जरी'चा. स्कॉटलंडमध्ये याच जोडीला 'एम.बी., सीएच.बी.' म्हणतात, कारण शस्त्रक्रियेला लॅटिनमध्ये 'किरुर्गिया' म्हणत, ग्रीकातून आलेला शब्द, अर्थ 'हाताचं काम'. ऑक्सफर्डमध्ये 'बी.एम., बी.सीएच.'. तिन्ही ठिकाणचा विद्यार्थी शिकतो साधारण एकच. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात ज्या एम.डी. झाल्या तीही 'मेडिसिनेए डॉक्टर'च. पण अमेरिकेत एम.डी. ही वैद्यकाची पहिली पदवी आहे, आपल्याकडे ती एम.बी.बी.एस.नंतर येते.

दोन 'एल' आणि त्यांच्यामधलं नसलेलं टिंब

टिळक १८७७ मध्ये बी.ए. झाले आणि १८७९ मध्ये एल्एल्. बी. जुन्या मराठी छपाईत ही पदवी अशीच जोडून छापायचे : 'एल्एल्. बी.'. आज वकिलांच्या इंग्रजी पाट्यांवर दोन 'एल'च्या मध्ये सर्रास टिंब असतं. ते चुकीचं आहे आणि जुने खिळे जुळवणारे बरोबर होते. कारण सांगतो.

हे दोन 'एल' म्हणजे दोन शब्द नाहीत. शब्द एकच, 'लेगुम', म्हणजे 'कायद्यांचा'. अनेकवचन दाखवायचं असलं की लॅटिन लिहिणारे अक्षर दोनदा लिहीत. रोमन नाण्यांवर एका सम्राटासाठी 'ऑगस्टस'चा तुकडा एका 'जी'ने संपतो, दोन सम्राट मिळून राज्य करत असले की 'जी' दोनदा येतो, तीन असले तर तीनदा. मग कायदे अनेक कुठले? मध्ययुगात कायदे दोन शिकवले जात : चर्चचा आणि रोमन दिवाणी. दोन्ही शिकलेला तो 'कायद्यांचा' पदवीधर. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी नातं तोडल्यावर १५३५ मध्ये इंग्लंडच्या विद्यापीठांतलं चर्चच्या कायद्याचं शिक्षण बंद पाडलं. ऑक्सफर्डची पदवी 'बी.सी.एल.' आहे, 'दिवाणी कायद्याचा पदवीधर', एकवचनात. केंब्रिजकडे अनेकवचन राहिलं आणि तेच पुढे लंडनमार्गे मुंबईत आलं. टिंब दिलं की हा सगळा अर्थ पुसला जातो.

डी.लिट.मधले दोन 'टी' मात्र वेगळे. लॅटिन 'लित्तेरे' या शब्दातच ते जोडाक्षर आहे, अनेकवचनाशी त्याचा संबंध नाही.

मानाची पदवी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढची अक्षरं आपण लहानपणापासून पाठ म्हणतो, पण ती उलगडून क्वचित पाहतो. एम.ए. कोलंबियाची, १९१५. एम.एस्सी. १९२१ ची आणि डी.एस्सी. १९२३ ची, शिकले लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, पण पदवी देणारं लंडन विद्यापीठ, म्हणून कंसात 'लाँड'. पीएच.डी. पुन्हा कोलंबियाची, पण मिळाली १९२७ मध्ये, प्रबंध छापून प्रती विद्यापीठात जमा झाल्यानंतर. १९२२ चं 'बॅरिस्टर' ही पदवीच नाही. लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेने वकिली करायला दिलेला तो परवाना आहे. आणि शेवटच्या दोन, कोलंबियाची एल्एल्. डी. (१९५२) आणि उस्मानिया विद्यापीठाची डी.लिट. (१९५३), या सन्मानाच्या. अशा पदवीपुढे काही ठिकाणी 'एच.सी.' लिहितात : 'होनोरिस काउसा', म्हणजे 'सन्मानापोटी'. आपण 'मानद' म्हणतो.

रवींद्रनाथ ठाकुरांना ऑक्सफर्डने अशीच मानद डी.लिट. दिली, तीही शांतिनिकेतनात येऊन, ७ ऑगस्ट १९४० रोजी. रिवाजाप्रमाणे ऑक्सफर्डचं मानपत्र लॅटिनमध्ये वाचलं गेलं. रवींद्रनाथांनी उत्तर दिलं ते संस्कृतात.

आगबोटीने आणलेल्या पदव्या

लॅटिनचा आणखी एक छोटा प्रयोग आहे, 'आद एउन्डेम', म्हणजे 'त्याच पायरीवर'. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज एकमेकांच्या पदवीधरांना परीक्षेशिवाय आपली तीच पदवी देत. १९०४ मध्ये डब्लिनने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये मुली शिकत होत्या, परीक्षेला बसत होत्या, उत्तीर्ण होत होत्या, पण त्यांना पदवी मिळत नव्हती. तेव्हा या मुली डब्लिनला जाणाऱ्या आगबोटीत बसल्या. तिथे त्यांना 'त्याच पायरीवर' घेऊन पदवी दिली गेली. १९०७ पर्यंत सातशेच्या वर स्त्रिया अशा जाऊन आल्या. शिकल्या ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये, पण त्यांच्या कंसात शब्द आला 'डब्ल'. ऑक्सफर्डने दार उघडलं १९२० मध्ये, केंब्रिजने त्यानंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी, १९४८ मध्ये.

कॉर्नेलिया सोराबजी यांच्या वेळी तर ही आगबोटीची वाटही नव्हती. जन्म नाशिकचा, १८६६ चा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. वर्गात मुलगे सगळे आणि ही एकटी मुलगी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेणारी ती पहिली स्त्री. त्या परीक्षेत तिने मिळवलेल्या यशावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. मुलगी म्हणून ती नाकारली गेली. तिथल्या काही लोकांनी पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात पोचली. १८९२ मध्ये खास परवानगी काढून तिने बी.सी.एल.ची परीक्षा दिली. ती परीक्षा देणारी ती पहिली स्त्री.

परीक्षा झाली, उत्तीर्णही झाली. पदवी नाही. ती हिंदुस्थानात परतली आणि पडद्यातल्या विधवांच्या, अनाथ वारसदारांच्या मालमत्तेची प्रकरणं वर्षानुवर्षं हाताळत राहिली, नावापुढे ती अक्षरं न लावता. १९२० मध्ये ऑक्सफर्डचा नियम बदलला, त्यानंतर ती पुन्हा इंग्लंडला गेली आणि आपली पदवी घेऊन आली. तेव्हा तिने पन्नाशी ओलांडलेली होती. पेपर लिहिल्यापासून अठ्ठावीसहून जास्त वर्षांनी नाशिकच्या या लेकीच्या नावापुढे 'बी.सी.एल. (ऑक्सन)' लागलं.